पार्कूर करणारे मूल आणि मोठ्यांची जबाबदारी

धावणे, उडी मारणे, चढणे, लोंबकळणे आणि लोळण घेणे या हालचालींनी वाटेतला अडथळा ओलांडण्याचा व्यायाम म्हणजे पार्कूर. त्याला आखलेले मैदान लागत नाही. भिंत, पायऱ्या, कठडा आणि रेलिंग हेच त्याचे साहित्य. मुलांना त्याची ओढ लागते ती यामुळेच, आणि पालकांच्या पोटात गोळा येतो तोही यामुळेच. परदेशात गाद्या अंथरलेल्या हॉलमध्ये पार्कूर शिकणारे मूल सुट्टीत यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीला आजी-आजोबांकडे आले, की त्याला सपाट स्लॅबची घरे आणि एकमेकींना लागून असलेल्या गच्च्या दिसतात. अशा वेळी घरातला पहिला शब्द बहुधा ‘नको’ हाच असतो. तो मायेपोटी आलेला असला, तरी त्याने मुलाचे रक्षण होत नाही. मना केलेले मूल उडी मारायचे थांबत नाही; ते मोठ्यांच्या नजरेआड उडी मारते. म्हणून मुलाच्या पाठीशी उभे राहणे आणि त्याला सांभाळणे ही दोन कामे एकत्रच करावी लागतात.

शिस्त आधी, उडी नंतर

फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर याने पहिल्या महायुद्धाच्या आधी धावणे, चढणे, उचलणे, तोल सांभाळणे अशा नैसर्गिक हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती मांडली. तिच्यातून आणि सैनिकांच्या अडथळ्यांच्या सरावातून पुढे पार्कूर घडला. रेमों बेल हा अशाच सरावात तयार झालेला सैनिक, पुढे पॅरिसचा अग्निशमन जवान. त्याचा मुलगा दाविद बेल आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसजवळच्या लिस या उपनगरात हा प्रकार रुजवला. 2006 च्या ‘कॅसिनो रॉयल’ चित्रपटातील, त्या मित्रांपैकीच एक असलेल्या सेबास्तियाँ फुकाँच्या पाठलागाच्या दृश्याने तो जगभर पोहोचला. 2017 मध्ये ब्रिटनने त्याला खेळ म्हणून मान्यता दिली आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा भरवली. पडद्यावर दिसते ती मात्र फक्त शेवटची उडी. तिच्यामागे जमिनीलगत वर्षानुवर्षे केलेला सराव असतो, आणि मुलाला समजावून सांगायचे ते नेमके हेच.

महाराष्ट्राला ही शिस्त नवी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी पुढे आणलेला मल्लखांब आजही पायरीपायरीने शिकवला जातो. साधी पकड, मग पायांची अढी, मग उतरणे. उतरणे जमल्याशिवाय वरची उडी नाही. 1914 पासून अमरावतीत उभ्या असलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे विदर्भातील पिढ्यांना आखाड्याची ही रीत ठाऊक आहे. आर्णीतील एखाद्या आजोबांना पार्कूर हा शब्द नवा असेल, पण उस्तादाच्या परवानगीवाचून वर चढायचे नाही, हा नियम त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

उलट बाजूचा धडा दहीहंडीने दिला आहे. बक्षिसांच्या रकमा आणि थर वाढत गेले, तशी सर्वांत वरच्या थरावर लहान मुले चढवण्याची चढाओढ लागली. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वय आणि उंची या दोहोंवर मर्यादा घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले आणि ऑगस्ट 2017 मध्ये उच्च न्यायालयात उंचीची मर्यादा उठली, पण 14 वर्षांखालील मुलांना मनाई राहिली. उंची किती असावी यावर मतभेद होऊ शकतात. मोठ्यांच्या हौसेसाठी लहान मूल धोक्यात घालू नये, यावर होऊ शकत नाहीत. पार्कूरमध्ये हौस प्रेक्षकांची नसेल, तर मोबाइलच्या कॅमेऱ्याची असते.

वाढते शरीर

मुलाचे हाड म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडाची लहान आवृत्ती नव्हे. लांब हाडांच्या टोकांजवळ वाढीची कूर्चा असते आणि वाढ पूर्ण होईपर्यंत ती भोवतालच्या हाडापेक्षा नाजूक असते. वारंवार कठीण जमिनीवर आदळल्याने वाढीच्या वयात टाच आणि गुडघ्याखालचा उंचवटा दुखू लागतो. अशा दुखण्याला ‘सवय होईल’ म्हणून दुर्लक्षून चालत नाही. उड्या कमी करून विश्रांती द्यावी लागते. हात टेकून पडल्यामुळे मनगट आणि कोपर मोडण्याचा प्रकारही मुलांमध्ये नेहमीचा आहे.

म्हणून शिकवणीची सुरुवात उतरण्यापासून होते. पायाचे चवडे आधी टेकवायचे, गुडघे वाकवून धक्का जिरवायचा, गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. वेग जास्त असेल तर एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे तिरकी लोळण घ्यायची, म्हणजे कणा सरळ जमिनीवर आपटत नाही. अंगणात खडूने दोन रेघा ओढून एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर नेमके उतरणे हा सरावाचा उत्तम प्रकार आहे. तेच अंतर पुन्हा पुन्हा न चुकता साधले, की मगच ते पायरीवर करून पाहायचे. उंची ही शेवटी वाढवायची गोष्ट आहे. आवाज न होता उतरता येणे ही तयारीची साधी खूण. पाय धपकन आपटत असतील, तर मूल थकले आहे किंवा उडी त्याच्या आवाक्याबाहेरची आहे.

आर्णीची जागा

हॉलमध्ये जमलेली उडी गावातल्या गच्चीवर तशीच जमेल, असे नाही. अरुणावतीकाठच्या आर्णीत, किंवा विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी, पुढच्या मजल्याच्या आशेने स्लॅबवर उभ्या ठेवलेल्या खांबांच्या गंजक्या सळया असतात. कंपाउंडच्या भिंतीवर काचा रोवलेल्या असतात, गच्चीलगत विजेच्या तारा जातात आणि पत्र्याला किंवा सिमेंटच्या शीटला मुलाचाही भार पेलत नाही. शेतात बिनकठड्याच्या विहिरी असतात. भिंतीपलीकडे काय आहे ते न पाहता मारलेली उडी काटेरी तारेवर, दगडांच्या ढिगावर किंवा विंचवाच्या अंगावर पडू शकते.

ऋतूही ध्यानात घ्यायला हवा. ब्रिटन-अमेरिकेतील शाळांच्या मोठ्या सुट्ट्या जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमक्या पावसात येतात. तेव्हा कठड्यांवर शेवाळ धरते आणि काळ्या मातीचा चिखल बुटाच्या तळव्याला थापला जातो. ऑस्ट्रेलियातून डिसेंबरमध्ये येणाऱ्या मुलाला कोरडी जमीन मिळते, हा त्यातल्या त्यात दिलासा. एप्रिल-मेमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पारा 42 अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत सराव सकाळी लवकर उरकावा लागतो.

यावर उपाय जागा ठरवून घेण्याचा आहे. मोठ्यांनी मुलाबरोबर चालत जाऊन उडीची आणि उतरण्याची अशा दोन्ही जागा हाताने चाचपून पाहाव्यात; दगड हलतो का, कड निसटते का, हे मुलालाच तपासायला लावावे. शाळेचे मैदान, अंगण, बुटका ओटा एवढे पुरते. मालकाला विचारल्याशिवाय भिंत नाही, गच्चीवरून गच्चीवर नाही, ओल्यावर नाही, एकट्याने नाही: चार नियम घरात सर्वांना सारखे असावेत. मुलींना ‘लोक काय म्हणतील’ म्हणून बसवून ठेवू नये. त्यांनाही हाच सराव आणि हेच नियम लागू.

माणसांपासूनचे रक्षण

मुलाचे रक्षण म्हणजे केवळ हाडे सांभाळणे नव्हे. पार्कूर शिकवताना प्रशिक्षकाला पाठीला, कमरेला आधार द्यावा लागतो. तो कशासाठी आहे हे आधी सांगितलेले असावे, मुलाला विचारलेले असावे आणि सगळे इतरांसमोर व्हावे. प्रशिक्षकाने मुलाशी एकट्याने रात्री-अपरात्री संदेशांची देवाणघेवाण करणे, पालकांना वगळून भेटायला बोलावणे, ‘घरी सांगू नको’ म्हणणे या धोक्याच्या खुणा आहेत. ब्रिटनमध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पूर्वचारित्र्य तपासणी झाली आहे का आणि ऑस्ट्रेलियात बालकांसोबत काम करण्याचा परवाना आहे का, हे पालकांनी विचारायलाच हवे. विचारण्यात अविश्वास नाही. भारतात 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली 18 वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला लैंगिक अत्याचारापासून संरक्षण आहे आणि असा गुन्हा माहीत असूनही पोलिसांना न कळवणे हाही गुन्हाच आहे. मदतीसाठी 1098 हा बालकांचा दूरध्वनी क्रमांक आहे.

भीती वाटते म्हणून उडी नाकारणाऱ्या मुलाला हसणारा गट किंवा प्रशिक्षक सुरक्षित नाही. ‘आज नको’ म्हणता येणे हा पार्कूरमधील कौशल्याचाच भाग आहे. चित्रफितींबाबतही घराचा नियम हवा: कॅमेऱ्यासाठी नवी उडी करून पाहायची नाही, आणि जागा किंवा शाळेचे नाव ओळखू येईल असे काही सर्वांसाठी खुले टाकायचे नाही.

दुखापत झाली तर

डोक्याला मार लागून गरगरणे, गोंधळणे किंवा डोके दुखणे सुरू झाले, तर त्या दिवशी मुलाने पुन्हा उडी मारायची नाही आणि डॉक्टरांच्या परवानगीवाचून सरावाला परतायचे नाही. उलट्या, वाढती झोप, झटके किंवा शुद्ध हरपणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. मान किंवा पाठ दुखत असेल तर मुलाला उचलू नये आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तर नेऊच नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. मोडलेले कोपर चोळण्यासाठी किंवा ‘बसवून घेण्यासाठी’ कोणाकडे नेल्यास हाताचे कायमचे नुकसान होऊ शकते. एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञ हाच मार्ग आहे. गंभीर दुखापतीत यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. प्रवासाचा विमा काढताना साहसी खेळ त्यातून वगळले आहेत का, हे निघण्यापूर्वी वाचून घ्यावे.

परदेशातील पालकांनी एक काम आणखी करावे. मूल काय शिकले आहे, काय शिकलेले नाही, आणि कोणते नियम घरात ठरले आहेत, हे आजी-आजोबांना फोनवर सविस्तर सांगावे आणि मुलाने अंगणात सराव करताना त्यांना शेजारी बसायला सांगावे. काय चालले आहे ते ज्यांना कळते, त्यांना मनाई करावी लागत नाही; थांबवायचे केव्हा, हे त्यांना कळते.