ठेका कळतो, अर्थाचे काय?

तमिळ, तेलुगू सिनेमांची नवी गाणी आता आपल्याकडे हळदीला आणि गणपतीतही वाजतात. ठेका असा की माझेही पाय थांबत नाहीत. पण मैत्रिणींनो, आपण अर्थ कधी विचारतो का?

२०११ साली धनुषने लिहिलेले, गायलेले ‘कोलावेरी डी’ गाजले. ‘कोलावेरी’ म्हणजे जीव घेणारा संताप. तो मुलीच्या माथी मारून प्रेमभंग झालेला मुलगा रडगाणे गातो. सारा देश हसत हसत ते गायला.

२०२१ साली ‘पुष्पा’तले ‘ऊ अंटावा’ आले. बाई साडी नेसो की फ्रॉक घालो, पुरुषाची नजर तीच, असे त्यात नाचणारी बाई सुनावते. लगेच आंध्र प्रदेशात एका पुरुष संघटनेने बंदीसाठी कोर्ट गाठले! कॅमेरा मात्र त्याच नजरेने तिचे अंग न्याहाळत राहतो.

मला बंदी नको आहे. पण मुलीचा नकार मानायला ज्या मुलांना शिकवायचे, त्यांच्याच तोंडी ही गाणी आहेत. म्हणून घरात, मंडळात गाणे लावू तेव्हा त्याचा अर्थही बोलू या. जरूर नाचू या, पण कशावर नाचतो आहोत ते समजून.