रेवतीसाठी काय गाऊ?

नाचणगावच्या भजनी मंडळातली एक मैत्रीण परवा पुलगावच्या बाजारात भेटली. ‘संगीत संशयकल्लोळ’ बसवताहेत, रेवतीसाठी आवाज ऐकणार आहेत, काय गाऊ, म्हणाली. तुझ्या मनात काय आहे, विचारलं. तर म्हणे, अभंगच बरा, घरी कुणी नावं ठेवणार नाही!

रेवती नायकिणीची मुलगी, म्हणून हा संकोच. पण मैत्रिणींनो, देवलांची रेवती किती मानी आहे! १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक आणलं, तेव्हा ती बालगंधर्वांनी रंगवली. नामांकित मंडळ्यांत बायकांची कामं तेव्हा पुरुषच करत. आता दार उघडं आहे, तर आपणच दाराआड उभं राहायचं?

अभंग गोडच, पण त्यात रेवतीचा लटका राग, थट्टा कुठून दिसणार? मी म्हटलं, रुसव्याचं एखादं नाट्यपद घे, नाही तर खेळकर भावगीत. तानांच्या मागे लागू नकोस. नाटक विनोदी आहे, शब्द शेवटच्या रांगेत कळले पाहिजेत. आणि रेकॉर्डमधल्या पट्टीचा हट्ट नको. तुला काळी चार सोसत असेल तर पेटीवाल्यांना आधीच सांग. घसा ताणला की चेहऱ्यावरचं हसू जातं. (खरं सांगू? मला तर नवऱ्याच्या मागावर असलेली कृत्तिकाच जास्त आवडते!)

‘आणि सासूबाईंचं काय?’ तिनं विचारलं. मग स्वतःच हसली. ‘त्यांनाच तालमीला घेऊन जाते.’