साडेचारशे वॉटचा सोस

नाशिकचा माणूस मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहिल्याशिवाय घेत नाही, आणि द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकल्याखेरीज पेटीच्या भावावर बोलत नाही. हाच माणूस संगणकाच्या दुकानात गेला, की एसएमपीएस नावाच्या पत्र्याच्या डब्याबद्दल एकच प्रश्न विचारतो : किती वॉटचा? दुकानदार सांगेल तो मोठ्यात मोठा आकडा घेऊन समाधानाने घरी येतो. माझे म्हणणे एवढेच, की घरच्या स्टोरेज सर्व्हरच्या बाबतीत हा सोस महागात पडतो.

नाव भारदस्त असले तरी वस्तू साधी आहे. मुलाने टाकून दिलेला संगणक, त्यात दोन हार्ड डिस्क आणि राउटरला जोडलेली एक वायर. घरातल्यांचे फोन रात्री आपापले फोटो त्यात ओततात. आमच्या या पेटीत २००३ आणि २०१५ च्या कुंभमेळ्यांचे फोटो आहेत, आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, सातबाऱ्याच्या प्रती आहेत. दरमहा भाडे भरून हा ऐवज परक्याच्या यंत्रात ठेवता येतो. पण आपले आपल्या घरात असावे असे वाटणाऱ्यांपैकी मी एक.

या पेटीचा स्वभाव मात्र घरातल्या इतर यंत्रांहून वेगळा. मिक्सर पाच मिनिटे ओरडतो आणि गप्प बसतो. ही पेटी वर्षाचे ८७६० तास जागी असते, पण खाते अगदी थोडे. दोन डिस्कसह साधारण ३० वॉट. भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२ आणि ५ व्होल्ट करून देणे हे एसएमपीएसचे काम, आणि त्या रूपांतरात जी वीज गळते तिची नुसती उष्णता होते. समजा, एका डब्याची कार्यक्षमता या भाराला ६० टक्के आहे. तो भिंतीतून ५० वॉट ओढेल. दुसऱ्याची ८० टक्के असेल, तर साडेसदतीस. फरक साडेबारा वॉटचा, म्हणजे देवघरातल्या दिव्याएवढा. पण वर्षाचे झाले जवळजवळ ११० युनिट! हिशेबाला सोपा म्हणून युनिटचा दर दहा रुपये धरला, तरी अकराशे रुपये हवेत गेले. शिवाय ही जादा युनिटे बिलाच्या वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात, ते वेगळेच. एकलहऱ्याच्या वीज केंद्रासाठी कोळसा रेल्वेने किती लांबून येतो हे आपण नाशिककर जाणतो. तो जाळून केलेली वीज पत्र्याचा डबा कोमट ठेवण्यात घालवणे माझ्या तरी मनाला पटत नाही.

मग खोक्यावरचा शिक्का बघून घ्यावा की नाही? फ्रीज-एसीवर २००६ पासून तारे दिसू लागले, तसे तारे एसएमपीएसवर नसतात. त्यावर असतो अमेरिकेत २००४ साली सुरू झालेला ‘एटी प्लस’चा शिक्का, आणि त्यात ब्रॉन्झ, गोल्ड अशा पायऱ्या. शिक्का चांगला आहे, जरूर पाहावा. पण मेख अशी, की ही परीक्षा घेतात पूर्ण क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर. (टायटॅनियमला मात्र १० टक्क्यांची जादा परीक्षा द्यावी लागते.) साडेचारशे वॉटच्या डब्याचे २० टक्के म्हणजे ९० वॉट. आपली पेटी ३० वॉटवर, सात टक्क्यांच्याही खाली! ज्या वर्गात आपण बसतो, त्या वर्गाची परीक्षाच झालेली नाही. आणि भार फार हलका झाला, की डब्याची कार्यक्षमता घसरते. म्हणूनच मी सांगतो : शिक्क्याचा, पण वॉट कमीत कमी असलेला घ्या.

कमी म्हणजे किती? दुकानदाराची भीती अगदीच खोटी नसते. मोठी हार्ड डिस्क सुरू होताना काही सेकंद वीसपंचवीस वॉट मागते, आणि चार डिस्क एकदम उठल्या तर शंभर वॉट तिथेच गेले. तरीही प्रोसेसर वगैरे धरून तीनशे वॉटचा डबा पुरून उरतो. गोल्डचाही हट्ट नको. या भाराला ब्रॉन्झपेक्षा तो तीनेक वॉट वाचवील, म्हणजे वर्षाला अडीचशे-तीनशे रुपये. किंमत अडीच हजारांनी जास्त असेल, तर वसुलीला आठनऊ वर्षे लागतील.

कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा डबा मात्र घेऊ नये. अंबडच्या कारखान्यात पॅनेलच्या वायरिंगमध्ये माझी उमेदीची वर्षे गेली, तेव्हा एवढे ठामपणे बोलतो. दोन डिस्कवर एकच माल ठेवला, की एक गेली तरी दुसरी आहे, असे लोक धरून चालतात. पण दोघींना वीज देणारा डबा एकच! स्वस्तातल्या डब्यात जादा व्होल्टेज अडवणारे संरक्षण बेताचे, कधी नुसते नावाला असते. तो बिघडताना १२ व्होल्टच्या जागी भलतेच व्होल्टेज सोडू शकतो, आणि मग दोन्ही डिस्क एकदम जातात. दहा वर्षे वापरलेला जुना डबाही नको, त्यातले कपॅसिटर एव्हाना सुकत आलेले असतात. आणि डबा कितीही उत्तम मिळाला, तरी ओव्यांची तिसरी प्रत बहिणीकडे पुण्यालाच हवी.

आता इन्व्हर्टरविषयी, कारण शनिवारी दुरुस्तीसाठी वीज जाणे आपल्या अंगवळणी पडले आहे. बऱ्याच घरांतले जुने इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचे असतात. त्यावर पंखा गुरगुरतो पण चालतो. चांगल्या एसएमपीएसमधले पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट मात्र अशा विजेवर कधी कधी अडते आणि पेटी बंद पडते. दोष डब्याचा नसतो, पण परत जातो तो डबाच. तेव्हा आधी इन्व्हर्टरच्या पाठीवर साइन वेव्ह लिहिले आहे का ते वाचा, मग दुकानात जा. जमल्यास वॉट दाखवणारा छोटा प्लग-मीटर शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिळून एक घ्या. आमच्या गल्लीत असा एकच फिरतो. सध्या तो समोरच्यांच्या फ्रीजला लागला आहे.