कॉफीचे दोन कप

जॉर्ज स्लायझर या डच दिग्दर्शकाची कारकीर्द समजायला एक कप कॉफी पुरते. ही कॉफी त्याच्या दोन चित्रपटांत आहे. गोष्ट एकच. पहिला १९८८चा ‘स्पोरलोस’, दुसरा त्याचीच हॉलिवूडमधली १९९३ची आवृत्ती, ‘द व्हॅनिशिंग’. दिग्दर्शक म्हणून दोन्हींवर नाव स्लायझरचे.

पहिल्या चित्रपटात फ्रान्समधल्या हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावरून रेक्सची मैत्रीण सास्किया नाहीशी होते. काहीतरी थंड प्यायला आणते म्हणून आत जाते, ती परत येतच नाही. रेक्स तीन वर्षे तिला शोधतो. ती परत मिळेल ही आशा केव्हाच सुटलेली असते. तिचे काय झाले, एवढेच त्याला कळायला हवे असते. मग एके दिवशी तिला पळवणारा रेमाँ लमोर्न आपणहून त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. रसायनशास्त्राचा शिक्षक, बायकोमुलींत रमणारा गृहस्थ. त्याची अट सरळ आहे. तिचे काय झाले ते कळायला हवे असेल, तर तिच्या वाट्याला आले ते सगळे तूही भोग. सुरुवात या कॉफीपासून. तिच्यात गुंगीचे औषध आहे, हेही तो लपवत नाही.

रेक्स आधी नकार देतो. अंधारात सैरावैरा धावतो. तीन वर्षांपूर्वी त्याने आणि सास्कियाने झाडाच्या बुंध्याशी पुरलेली दोन नाणी उकरून काढतो. मग परत येतो आणि कॉफी घशाखाली ओततो. शुद्धीवर येतो तेव्हा तो जमिनीखाली एका पेटीत असतो. लायटर पेटवून पाहतो. उत्तर मिळालेले असते.

हा शेवट भयंकर म्हणून गाजला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो चोख आहे. टिम क्राबेच्या लघुकादंबरीवरच्या या चित्रपटाचा मोठा भाग रेमाँच्या तयारीत जातो. क्लोरोफॉर्मचा प्रयोग तो आधी स्वतःवर करतो आणि बेशुद्धी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून पाहतो. सराव करताना स्वतःची नाडी मोजतो. गावाबाहेरच्या घरी घरच्यांकडून खेळ म्हणून किंचाळ्या मारून घेतो. शेजाऱ्याला त्या ऐकू जातात का, हे त्याला पाहायचे असते. एवढा काटेकोर माणूस दाखवल्यावर शेवटी त्याचा हिशेब चुकवायचा, तर आधीचे सगळे व्यर्थ जाते. जाणून घ्यायचा हट्ट धरला की त्याची किंमत मोजावी लागते, एवढेच या चित्रपटाचे म्हणणे आहे. शेवट काढला तर म्हणणेच उरत नाही.

पाच वर्षांनी स्लायझरने तोच शेवट काढला. अमेरिकी नायकही कॉफी पितो, त्यालाही पुरले जाते. पण आता त्याची नवी मैत्रीण वेळेवर येऊन त्याला उकरून काढते आणि खलनायक फावड्याने मार खाऊन मरतो. इथे थांबले असते तरी एक वेळ चालले असते. शेवटच्या प्रसंगात हे दोघे आपली कहाणी पुस्तकासाठी विकायला हॉटेलात बसले आहेत. वेटर विचारतो, कॉफी? दोघेही झटकन नाही म्हणतात. प्रेक्षकाने इथे हसायचे आहे. ज्या कपापायी एक माणूस जिवंत गाडला गेला, त्याचा पाच वर्षांत चुटका झाला. नायकाला उत्तर मिळाले, जीवही वाचला, वर पुस्तकाचे पैसेही.

यावर ठरलेला बचाव असा की, हॉलिवूडमध्ये हे असेच चालते. स्टुडिओ मोठा, दिग्दर्शक छोटा, प्रेक्षकाला गोड शेवट लागतो. मूळ चित्रपट दुसऱ्याचा असता तर हा बचाव मानता आला असता. इथे मोडणारा आणि घडवणारा एकच होता. शिवाय ‘स्पोरलोस’ १९९१ साली अमेरिकेत लागला होता आणि तिथल्या समीक्षकांनी त्याची वाहवाही केली होती. तो शेवट अमेरिकेत कुणाला सोसणारच नाही, असे मानायला आधार नव्हता.

आणि प्रेक्षकाला काय सोसते, हे पुढे स्लायझरनेच दाखवून दिले. त्याच १९९३ साली तो ‘डार्क ब्लड’ करत होता. चित्रीकरण संपायला थोडे दिवस असताना ३१ ऑक्टोबरला नायक रिव्हर फीनिक्स गेला. वयाच्या २३व्या वर्षी. चित्रपट बंद पडला, फिल्म विमा कंपनीच्या ताब्यात गेली. ती नष्ट होणार असे कळल्यावर १९९९ साली स्लायझरने ती सोडवून आणली. २०१२ साली, आजारातून उठलेल्या ८० वर्षांच्या या माणसाने चित्रपट उत्रेख्तच्या महोत्सवात दाखवला. जे प्रसंग चित्रित झालेच नव्हते, तिथे स्लायझरचाच आवाज येतो. इथे काय घडायचे होते, ते तो सांगतो आणि चित्रपट पुढे जातो. फीनिक्सच्या जागी दुसरा कुणी उभा केला नाही. भोके बुजवली नाहीत. प्रेक्षकांनी ती तशीच पाहून घेतली.

२०१४ साली स्लायझर गेला. त्याची थोरवी सांगताना १९९३चा चित्रपट हॉलिवूडच्या खात्यावर टाकून मोकळे होण्याची पद्धत आहे. ती सोयीची आहे, खरी नाही. प्रेक्षक अपुरे पाहतो, वाईट शेवटही पाहतो. धास्ती असते ती पैसा लावणाऱ्याला, आणि ती प्रेक्षकाच्या नावावर खपवली जाते. १९९३ साली ती खपवणाऱ्यांत ज्याला सर्वांत जास्त कळत होते, तो माणूस स्लायझर होता. म्हणून त्या शेवटाचा दोष सर्वांआधी त्याच्याकडे जातो.