‘रेव्होल्यूशन’ म्हणजे प्रत्येक वेळी क्रांतीच काय?

इंग्रजीतील ‘रेव्होल्यूशन’ हा शब्द समोर आला की त्याचे ‘क्रांती’ करून मोकळे व्हावयाचे, ही सवय आमच्या लेखकांच्या व भाषांतरकारांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तीत काही वावगे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. इंग्रजीत पृथ्वी सूर्याभोवती फिरते ते रेव्होल्यूशन, ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरे तेही रेव्होल्यूशन, राजा पदच्युत होतो ते रेव्होल्यूशन आणि कारखान्यात वाफेचे यंत्र आले तेही रेव्होल्यूशनच! पहिल्या दोहोंना ‘क्रांती’ म्हणण्याइतके आपण अद्याप भाबडे झालेलो नाही. तेथे प्रदक्षिणा, परिभ्रमण, फेरा हे शब्द आपोआप सुचतात. परंतु इतिहासाचे पान उघडले की हा विवेक सुटतो, आणि आमची तक्रार आहे ती याविषयी.

या शब्दाचे मूळ लॅटिन क्रियापद ‘मागे वळणे, पुन्हा फिरणे’ असा अर्थ सांगते. १५४३ साली कोपर्निकसचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच्या नावातच हा शब्द आहे, आणि तेथे त्याचा अर्थ खगोलांचे भ्रमण एवढाच. जेथून निघाले तेथे परत येणे, हा त्याचा गाभा. राजकारणात तो शिरला तो हाच अर्थ घेऊन. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला, तेव्हा सत्ता एका राजापासून निघून क्रॉमवेल पितापुत्रांमार्गे त्या राजाच्या मुलाकडे आली. हॉब्जने ‘बिहेमॉथ’ या ग्रंथात या प्रवासाला वर्तुळाकार गती म्हटले आहे आणि त्यासाठी शब्द वापरला आहे तो ‘रेव्होल्यूशन’. म्हणजे राजसत्तेची पुनःस्थापना हीच त्याच्या लेखी रेव्होल्यूशन होती!

१६८८ ची गोष्टही याहून फारशी निराळी नाही. दुसरा जेम्स पळाला, त्याची मुलगी मेरी आणि जावई विल्यम गादीवर बसले. पार्लमेंटने १६८९ मध्ये जे हक्क मांडले ते नवे म्हणून नव्हे, तर जुनेच, पूर्वापार चालत आलेले म्हणून. या घटनेस इंग्रज ‘ग्लोरियस रेव्होल्यूशन’ म्हणतात आणि आपली क्रमिक पुस्तके तिला ‘रक्तहीन राज्यक्रांती’ म्हणतात. (१६९० मध्ये बॉइन नदीकाठी जे आयरिश रक्त सांडले ते बहुधा रक्तात धरावयाचे नसते.) उलट १६४९ मध्ये जेव्हा खरोखरच राजाचा शिरच्छेद झाला आणि राजपदच मोडीत निघाले, त्या काळाचा इतिहास लिहिताना क्लॅरेंडनने नाव योजले ते ‘रिबेलियन’, म्हणजे बंड. राजाचे डोके उडविले ते बंड, आणि सासऱ्याची गादी जावयास मिळाली ती क्रांती! मागे न वळता पुढेच जाणारा, जुने मुळासकट उपटणारा असा जो अर्थ आज आपल्या मनात असतो, तो या शब्दात मुख्यतः १७८९ च्या फ्रान्सने भरला.

हा केवळ कोशकारांचा वाद असता तर आम्ही त्यात पडलो नसतो. पण हाच शब्द इंग्रजांनी आपल्या भूमीवर कसा वापरला ते पाहावे. कासीमबाजारच्या वखारीचा प्रमुख विल्यम वॉट्स याने मीर जाफरशी संधान बांधण्यात पुढाकार घेतला होता. प्लासीच्या त्या कारस्थानाची हकीकत त्याच्या नावे १७६० साली लंडनमध्ये छापली गेली आणि तिचे शीर्षक होते बंगालमधील ‘रेव्होल्यूशन’ची स्मरणे. त्याच वर्षी जाफरास काढून मीर कासीमास बसविले, १७६३ मध्ये कासीमास काढून पुन्हा जाफरास आणले. जुन्या अर्थाने पाहिले तर शब्द चुकला नाही. चाक पुरे फिरून आले. मात्र शंभर वर्षांनी, १८५७ मध्ये, मेरठपासून झाशीपर्यंत मुलूख पेटला तेव्हा तीच भाषा बोलणाऱ्यांनी त्यास नाव दिले ‘म्युटिनी’, आणि आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ‘शिपायांचे बंड’ हाच शब्द रुजला. सावरकरांनी १९०९ साली त्यास ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले, तेव्हा ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच सरकारने त्यावर बंदी घातली. सत्तावनचे यथार्थ नाव कोणते याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत आणि ते असावेत. पण तो निवाडा आपण आपल्या शब्दांनी करावयाचा आहे.

आता आपला शब्द पाहा. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे. योगायोग असा की, हाही शब्द आकाशाशी निगडित आहे. आपल्या ज्योतिषग्रंथांत क्रांती म्हणजे विषुववृत्तापासून सूर्य किती ढळला ते अंतर. जुन्या सिद्धान्तग्रंथांनी परमक्रांती २४ अंश मानली आहे. सूर्याच्या मार्गास आपण अजूनही क्रांतिवृत्त म्हणतो. इंग्रजी शब्द फेरा पुरा झाला की नाही हे पाहतो. आपला शब्द मध्यरेषेपासून पाऊल किती दूर पडले ते मोजतो. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदीचा हुकूम मोडला. त्या दिवशी कोणाचेही सिंहासन उलथले नाही, पोर्तुगीज सत्ता त्यानंतर पंधरा वर्षे राहिली. तरी गोमंतक तो दिवस क्रांतिदिन म्हणून पाळतो, आणि मराठी कानास त्यात काहीही खटकत नाही. रेषा ओलांडली गेली होती.

‘हरितक्रांती’ हा शब्दही असाच उसना. अमेरिकेच्या विल्यम गॉड या अधिकाऱ्याने १९६८ मध्ये तो काढला तो रशियाच्या लाल क्रांतीस शह म्हणून. शेतात गहू वाढला हे खरे, पण नाव मुत्सद्देगिरीचे आहे. साबणाच्या आणि मोबाइलच्या जाहिरातींतील क्रांतीविषयी तर न बोललेलेच बरे.

मराठीत शब्दांचे दारिद्र्य नाही. १६८८ च्या घटनेस सत्तापालट म्हणता येते, प्लासीच्या कारभारास गादीपालट, आणि यंत्रयुगाच्या आरंभास स्थित्यंतर. क्रमिक पुस्तकांच्या पुढच्या आवृत्तीत प्लासी आणि सत्तावन ही दोन प्रकरणे जो कोणी लिहील, त्याने निदान ही शीर्षके इंग्रजी ग्रंथांवरून उतरवून घेऊ नयेत, एवढीच आमची मागणी आहे.