जुन्या गाडीला टायर कोणते घ्यावेत?



गेल्या महिन्यात आमच्याकडे एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या मिस्टरांनी पतसंस्थेचे कर्ज काढून जुनी बोलेरो गाडी घेतली आहे. इंजिन चांगले आहे, पत्राही चांगला आहे, पण चारही टायर झिजून गुळगुळीत झाले आहेत. दुकानदार म्हणतो, ‘ऑल टेरेन’ घ्या, कुठेही चालतो. गॅरेजवाला म्हणतो, रिमोल्ड बसवा, कमी पैशांत काम होईल. दीर म्हणतात, चांगले रुंद टायर घाला, गाडी रुबाबदार दिसेल. घरात मते तीन आणि पैसे एकदाच जाणार. तेव्हा आपणच काय ते सांगा, असे त्या भगिनी लिहितात.

आम्ही काही मेकॅनिक नव्हे. कारकुनी करून समाजाचे काम करणारी माणसे आम्ही. परंतु आमच्या मंडळाकडेही अशीच एक जुनी गाडी आहे, तिच्या खर्चाची वही आमच्याकडे असते, आणि टायर हा त्या वहीतला सर्वांत मोठा आकडा आहे. त्यामुळे या विषयाची माहिती आम्ही वेळोवेळी जाणत्या माणसांकडून करून घेतली आहे.

पहिली गोष्ट, आपली गाडी कोणत्या चाकांवर चालते ते पाहावे. आजच्या बहुतेक लहान गाड्यांना इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर, टाटा सुमो, मारुतीची ओम्नी आणि बहुतेक बोलेरो या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, म्हणजे रिअर व्हील ड्राइव्ह. ओम्नी आणि सुमो यांचे उत्पादन २०१९ साली थांबले, पण खेड्यापाड्यांत त्या अजून चालू आहेत. कागदपत्र सापडत नसेल तर मागून गाडीखाली वाकून पाहावे. इंजिनाकडून मागे आलेला लांब दांडा आणि मागच्या आसाच्या मधोमध लोखंडी गोल डबा दिसला की समजावे, आपली गाडी मागून ढकलली जाते.

याचा टायरशी संबंध असा. अशा गाडीत पुढची चाके वळतात आणि मागची चाके ढकलतात. गाडीत माणसे भरलेली असली, घाट चढायचा असला, की वजन मागे येते, मागचे टायर रस्ता घट्ट धरतात आणि गाडी झकास चढते. म्हणूनच ओझ्याच्या कामाला लोक या गाड्या पसंत करतात. पण तीच गाडी रिकामी असेल, मागचे टायर गुळगुळीत असतील, रस्ता पावसाने ओला असेल आणि वळणावर चालकाने अॅक्सिलरेटर जोरात दाबला, तर मागचा भाग बाजूला घसरतो आणि गाडी स्वतःभोवती फिरू पाहते. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. मागे माणसे नसली की तिची मागची बाजू फारच हलकी होते.

आता ‘सगळीकडे चालणारा टायर’ म्हणजे काय? परदेशात बर्फ पडतो. तेथे पारा ७ अंशांच्या खाली गेला की साधे रबर कडक होऊ लागते, म्हणून लोक हिवाळ्याचे टायर वेगळे ठेवतात, किंवा बारा महिने चालणारे ‘ऑल सीझन’ टायर घेतात. आपल्याकडे तो प्रश्न नाही. आपला प्रश्न नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाचा आणि कोकणातल्या पावसाचा. टायरच्या बाजूवर बर्फाची खूण आहे म्हणून जादा पैसे देण्याचे कारण नाही.

बोलेरो, सुमोसारख्या गाड्यांना दुकानात मुख्यतः तीन प्रकारचे टायर दाखवतात. ‘एच.टी.’ म्हणजे डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्याचा टायर. त्याची नक्षी बारीक असते, लांबीच्या दिशेने सरळ खाचा असतात आणि त्यांतून पावसाचे पाणी बाहेर फेकले जाते. ‘ए.टी.’ म्हणजे ऑल टेरेन. त्याच्या गोट्या जाड आणि खाचा रुंद. मुरूम, दगड, शेतरस्ता यांवर तो चांगला, पण पक्क्या रस्त्यावर आवाज करतो, डिझेल थोडे जास्त खातो आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यास चांगल्या ‘एच.टी.’ इतका लवकर थांबत नाही. तिसरा ‘एम.टी.’, तो निव्वळ चिखलाचा. त्याचा विचार आपण करूच नये.

घरच्या आणि समाजाच्या गाडीचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. १ जानेवारीला कोरेगाव भीमा, २० मार्चला महाड, दसऱ्याला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. मधल्या काळात वर्षावासात धम्मग्रंथाच्या वाचनाला या विहारातून त्या विहारात, आणि रात्री-अपरात्री कुणाला तरी तालुक्याच्या दवाखान्यात. शंभरातले नव्वद किलोमीटर तरी पक्के रस्ते, त्यांत पाऊस चार महिने. आमचे मत स्पष्ट आहे. ज्याचे गाव खडीच्या रस्त्याने पाच-सात किलोमीटर आत आहे आणि ज्याला रोज तो रस्ता तुडवावा लागतो, त्याने ए.टी. घ्यावा. बाकी सर्वांनी साधा एच.टी. रेडियल टायर घ्यावा. आपल्यासाठी सर्व ठिकाणी चालणारा टायर तोच. ओम्नीवाल्यांना तर निवडीचा त्रासच नाही. १४५ आर १२ मापाचा, ओझे वाहणारा ‘एल.टी.’ खुणेचा टायर मिळतो, तोच घ्यावा.

मापाच्या बाबतीत मात्र कुणाचेही ऐकू नये. बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, टायरच्या बाजूची उंची तिच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १५ इंचांची रिम. रुबाबासाठी लोक २३५/७५ घालतात. आम्ही कागदावर हिशेब मांडून पाहिला. टायरचा व्यास ३ सेंटिमीटरने वाढतो, म्हणजे सव्वाचार टक्के. परिणामी काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ च्या पुढे धावत असते. स्टिअरिंग जड होते, आणि पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो की काय, ती काळजी वेगळीच.

मापानंतर जो आकडा आणि अक्षर असते, उदाहरणार्थ १०० एस, ते भल्या-भल्यांना ठाऊक नसते. १०० हा ओझ्याचा सांकेतिक आकडा. त्याचा अर्थ एक टायर ८०० किलो पेलतो. आकडा ९१ असेल तर फक्त ६१५ किलो. एस म्हणजे ताशी १८० पर्यंतचा वेग, त्याची आपल्याला चिंता नको. चिंता ओझ्याची. मागच्या दोन टायरांचा फरक काढला तर ३७० किलो होतो, म्हणजे साठ किलोच्या हिशेबाने सहा माणसे! स्वस्त पडतो म्हणून कमी आकड्याचा टायर लावणारा ही सहा माणसे हवेवर बसवीत असतो. कंपनीने जो आकडा दिला आहे त्याहून कमी कधीही घेऊ नये.

या रुबाबावरून एक प्रसंग सांगावासा वाटतो. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले होते. त्यांना वस्तीत न्यायला टांगा हवा होता, पण महाराला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. साहेबांना पायी कसे न्यायचे, म्हणून वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसवला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या फरशीवर टांग्याचे चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पुढे त्यांनी हा प्रसंग इंग्रजीत लिहून ठेवला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते लिखाण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने छापले. त्यात त्यांनी नोंदवले आहे की, पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात त्याची सुरक्षितता मानाहून मोठी आहे, हे त्या लोकांच्या ध्यानात आले नाही.

आज आपल्या दारात आपली गाडी आहे आणि ती हाकणारा आपलाच मुलगा आहे. कुणा टांगेवाल्याची मिनतवारी करावी लागत नाही. काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’, पुढे झेंडा, आत गाण्यांची व्यवस्था, हे सर्व आम्हांला आवडते. पण हे सर्व असून टायर गुळगुळीत असलेल्या गाड्या आम्ही दर ६ डिसेंबरला पाहतो, तेव्हा चाळीसगावची फरशी आठवते.

टायर किती झिजला हे पाहणे सोपे आहे, घरातल्या भगिनींनाही ते करता येईल. टायरच्या कडेला टी.डब्ल्यू.आय. ही अक्षरे किंवा लहानसा त्रिकोण असतो. त्याच्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. तेथे कायद्याने टायर संपला. आमच्या मते पावसाळ्यापूर्वी ३ मिलिमीटर उरले असतील तरीही बदलावा. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकले जात नाही, टायर पाण्यावर तरंगतो, आणि तरंगणाऱ्या गाडीला ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग.

नवा टायर घेताना त्याचा जन्म तपासावा. बाजूवर चार आकडे एका लांबट चौकटीत असतात. ०८२५ म्हणजे २०२५ सालचा आठवा आठवडा. आम्हांला एका दुकानात तीन वर्षे पडून राहिलेला टायर ‘एकदम ताजा’ म्हणून दाखवला होता. चार आकडे वाचून दाखवल्यावर आतून दुसरा आला. रबर न वापरताही वाळते. पाच-सहा वर्षे झालेल्या टायरच्या बाजूला बारीक भेगा दिसू लागल्या, तर नक्षी शाबूत असली तरी त्याचा भरवसा धरू नये. स्टेपनी या बाबतीत हमखास विसरली जाते.

रिमोल्डचे काय? एस.टी.च्या मागच्या चाकांना रिमोल्ड वापरतात हे खरे. पण एस.टी.च्या मागे एका बाजूला दोन-दोन चाके असतात आणि तपासायला कार्यशाळा असते. आपल्या गाडीला एका कोपऱ्यात एकच चाक. आम्ही तर नाहीच म्हणू. आणि जुन्या टायरला गरम पात्याने नव्या खाचा पाडून विकतात, तो प्रकार निव्वळ फसवणुकीचा आहे. खाच खोल होते ती आतले रबर कापूनच.

पैसे दोनच टायरांचे असतील तर नवी जोडी मागे लावावी. पुष्कळ चालक स्टिअरिंगच्या विचाराने ती पुढे लावतात. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून ती काहीशी आवरता येते. मागचे घसरले तर भल्या चालकालाही आवरत नाही. अर्थात याचा अर्थ पुढे गुळगुळीत चालतील असा नव्हे. एका आसावर दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे हवेत. नायलॉन आणि रेडियल यांची खिचडी तर मुळीच करू नये. जोर मागच्या चाकांना असल्याने ती लवकर झिजतात. म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला मागची चाके त्याच बाजूने सरळ पुढे आणावीत आणि पुढची डावी-उजवी बदलून मागे टाकावीत. सोबत अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावे.

जुन्या रिमवर ट्यूबलेस बसवायचा मोह होतो. ट्यूबलेसच्या रिमला आतून कड धरणारा उंचवटा असतो, तो जुन्या रिमला असेलच असे नाही. दुकानदाराकडून रिम तपासून घ्यावी. नसेल तर ट्यूबचा टायर आणि ट्यूब नवीच, जुनी ट्यूब नव्या टायरात घालू नये.

हवेबद्दल आपल्याकडे एक घातक समजूत आहे. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही, असे लोक सांगतात. खरे आहे ते उलट. बोलेरोचे चाक एका किलोमीटरला साधारण ४५० फेरे घेते, म्हणजे ताशी ८० च्या वेगाने तासाला ३६,०००. प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू दबते आणि उठते. हवा कमी असेल तर ती जास्त दबते, आतून तापते आणि शेवटी फुटते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून विदर्भातल्या गाड्या सरळ मुंबईकडे निघतात. काँक्रीटचा सरळ रस्ता, ओझे भरलेले आणि हवा कमी, म्हणजे अपघाताला आवतणच. चालकाच्या दरवाजाच्या खांबावर हवेचे आकडे लिहिलेले असतात. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असेल तर निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तेवढी भरावी. वाटेत गरम टायरची हवा वाढलेली दिसते, ती काढू नये.

शेवटी पैशांचे. टायरवर पूर्वी २८ टक्के जी.एस.टी. होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. करापूर्वी चार टायरांचे २०,००० रुपये धरले, तर कर ५,६०० ऐवजी ३,६०० बसतो. दोन हजार वाचतात, त्यातून अलाइनमेंटचा खर्च निघावा. पक्के बिल घ्यावे, त्यावर प्रत्येक टायरचा नंबर लिहून घ्यावा, म्हणजे वॉरंटीला अडचण येत नाही. ‘बिलाशिवाय स्वस्त देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. आणि दुकानातून निघण्यापूर्वी जॅक आणि पाना गाडीत आहेत ना, स्टेपनीत हवा आहे ना, हे चालकाकडून पाहून घ्यावे.