बॅटरीची सुरक्षितता : ग्राहकाचा विवेक की बाजाराची जबाबदारी?

एखादी वस्तू धोक्याची आहे हे ठाऊक असणे ही एक गोष्ट आहे. तो धोका नेमका केव्हा आणि कशामुळे उद्भवतो हे ठाऊक असणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. ई-सिगारेट अथवा ‘व्हेप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणाविषयी जगभर जी चर्चा चालू आहे ती बहुतांशी निकोटीनभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि या उपकरणाच्या पोटात एक लिथियम-आयन बॅटरी असते आणि तिने माणसे भाजली आहेत, या वस्तुस्थितीकडे मात्र पुरेशा गांभीर्याने पाहिले गेलेले नाही.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील अशा १९५ घटनांची नोंद आहे. त्यांत १३३ जणांना इजा झाली आणि त्यांपैकी ३८ जणांच्या इजा गंभीर होत्या. या घटना वृत्तपत्रांतील बातम्यांवरून वेचलेल्या होत्या. रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील नोंदींवरून नंतर जो अंदाज बांधण्यात आला, त्यानुसार २०१५ ते २०१७ या तीनच वर्षांत अशा भाजण्याच्या व स्फोटाच्या रुग्णांची संख्या दोन हजारांच्या घरात जाते. पुढे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये अशा स्फोटाने प्रत्येकी एका माणसाचा बळी घेतला.

या अहवालातील एक तपशील विशेष विचार करण्याजोगा आहे. १९५ पैकी ६० घटना उपकरण ओढत असताना घडल्या, ४८ घटना बॅटरी चार्ज होत असताना घडल्या, आणि ६१ घटना उपकरण किंवा सुटी बॅटरी नुसती खिशात असताना घडल्या. म्हणजे वस्तू वापरात नसतानाचा धोका वापरात असतानाच्या धोक्याइतकाच मोठा होता. असे का व्हावे, हे समजण्यासाठी त्या बॅटरीची रचना थोडी पाहिली पाहिजे.

धोक्याचे मूळ

सेल बदलता येईल अशा उपकरणांत प्रामुख्याने ‘१८६५०’ या नावाचा नळीसारखा सेल वापरतात. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, एवढाच या संख्येचा अर्थ. हाच सेल लॅपटॉपच्या बॅटरीत असतो, विजेवरच्या हत्यारांत असतो आणि टॉर्चमध्येही असतो. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या जनकांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा साठविणे हा तिचा गुण. तोच तिचा दोषही. सेलमधील दोन विजाग्रांना अलग ठेवणारा पडदा अत्यंत पातळ असतो आणि आतील द्राव ज्वालाग्राही असतो. कोणत्याही कारणाने आतले तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागते, ती उष्णता क्रियेचा वेग वाढविते, आणि मग बाहेरून वीज तोडूनही ही साखळी थांबत नाही. बॅटरी बंदिस्त धातूच्या नळीत असेल तर दाबाला वाट मिळत नाही आणि भडक्याचे रूपांतर स्फोटात होते.

दुसरी गोष्ट वेष्टनाची. या सेलचे संपूर्ण धातूचे अंग हे ऋण टोक असते. धन टोक म्हणजे माथ्यावरची लहानशी टिकली. या दोहोंमध्ये एक कडी आणि वरचे पातळ प्लॅस्टिकचे वेष्टन एवढाच आडपडदा. वेष्टन फाटलेला सेल म्हणूनच निकामी समजला पाहिजे. सुटा सेल किल्ल्या व नाणी यांच्यासोबत खिशात ठेवला की एखादी किल्ली दोन्ही टोकांना एकाच वेळी टेकते, शॉर्ट सर्किट होते आणि क्षणार्धात सेल तापतो. त्या ६१ घटनांपैकी सुट्या सेलच्या घटनांचे रहस्य बहुतांशी इतके साधे आहे. चार-दोन रुपयांच्या प्लॅस्टिकच्या डबीने ते टळू शकते.

आकड्यांचा बाजार

निवडीचा प्रश्न याहून अवघड आहे. प्रत्येक सेलला दोन मर्यादा असतात. एक धारणक्षमता, म्हणजे त्यात किती वीज मावते; ती मिलीअँपिअर-तासांत मोजतात. दुसरी, त्यातून एका वेळी सतत किती प्रवाह निर्धोकपणे घेता येतो. तो अँपिअरमध्ये मोजतात. या दोन गुणांत सामान्यतः व्यस्त संबंध असतो. साडेतीन हजार मिलीअँपिअर-तासांचा सेल दहा अँपिअरच्या आसपास थकतो. वीस अँपिअर सतत देऊ शकणाऱ्या सेलची धारणक्षमता पुष्कळदा अडीच हजारांच्या घरात असते. ग्राहक मात्र पहिलाच आकडा पाहतो, कारण एकदा चार्ज केलेला सेल किती वेळ टिकेल हे त्यावरून कळते. दुसऱ्या आकड्यावर त्याचा जीव अवलंबून असतो. तो बहुधा वाचलाच जात नाही.

उपकरण किती प्रवाह ओढणार याचे गणित शालेय विज्ञानाचे आहे. नियंत्रक मंडल नसलेल्या साध्या उपकरणात पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा ४.२ व्होल्ट दाब तारेच्या रोधाने भागावा. तारेचा रोध ०.१५ ओहम असेल तर उत्तर येते २८ अँपिअर; म्हणजे वीस अँपिअरचा चांगला सेलही तेथे अपुरा पडतो. नियंत्रक मंडल असलेल्या उपकरणात मात्र हिशेब उलटा आहे. तेथे शक्ती कायम राखली जात असल्याने सेल रिकामा होत जातो तसतसा प्रवाह वाढतो. एका सेलवर ८० वॉट घेतले तर दाब ३.२ व्होल्टपर्यंत उतरल्यावर २५ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. दोन सेलचे उपकरण असेल तर दोन्ही सेल एकाच जातीचे व एकाच वयाचे हवेत आणि त्यांची जोडी कधीही मोडता कामा नये. कारण दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि बलवान सेल त्याला मर्यादेखाली ओढत नेतो. चार्जर त्या सेलसाठीच बनविलेला असावा, चार्जिंग डोळ्यांसमोर व्हावे, उन्हात तापलेल्या मोटारीत सेल ठेवू नये, आणि दबलेला, फुगलेला वा गळणारा सेल पुन्हा वापरू नये. नियम एवढेच आहेत आणि ते पाळणे अवघड नाही.

परंतु हे सारे गणित सेलवर छापलेला आकडा खरा आहे या गृहीतावर उभे आहे. प्रश्न नेमका तेथेच निर्माण होतो. असे सेल बनविणारे नामांकित कारखाने जपान, दक्षिण कोरिया व चीन या देशांत मोजकेच आहेत. त्यांचे सेल, कधी कधी दुय्यम प्रतीचेही, घाऊक भावाने घेऊन त्यांवर स्वतःचे रंगीत वेष्टन चढविणारे व्यापारी मात्र अनेक. वीस अँपिअरच्या सेलवर ते चाळीस लिहितात. या आकाराच्या सेलची धारणक्षमता साडेतीन हजारांच्या पलीकडे फारशी जात नसताना ९,९०० छापलेले सेलही सर्रास विकले जातात. ग्राहकाजवळ ना मोजण्याचे साधन, ना तो आकडा अशक्य आहे हे ओळखण्याइतके ज्ञान.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे जे विवेचन केले, ते येथे तंतोतंत लागू पडते. मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर ग्राहक चांगल्या मालालाही सरासरी किंमतच देऊ करतो. चांगल्या मालाच्या विक्रेत्याला ती परवडत नाही आणि हळूहळू बाजारात निकृष्ट मालच उरतो. सेलच्या बाजारात तर याही पुढची पायरी गाठली गेली आहे. खरा आकडा छापणारा सेल खोटा आकडा छापणाऱ्या सेलच्या शेजारी दुबळा दिसतो. प्रामाणिकपणाला तेथे दंड बसतो. स्वखर्चाने सेल तपासून निष्कर्ष सर्वांसाठी खुले करणाऱ्या हौशी मंडळींनी ही दरी काही अंशी बुजविली, हे खरे. पण सार्वजनिक हिताची अशी सेवा व्यक्तींच्या हौसेवर सोडून द्यावी काय?

हात वर करणारी साखळी

या बाजारातील प्रत्येक घटकाने आपापल्या परीने हात वर केले आहेत. हे सेल बॅटरी-संच जोडणाऱ्या उद्योगांसाठी आहेत, सुटे विकण्यासाठी नाहीत, असे सेलचे मोठे उत्पादक म्हणतात. अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगानेही जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊच नका, असा इशारा दिला. उपकरणाचा निर्माता म्हणतो, बॅटरी ग्राहकाने स्वतः घेतली. दुकानदार म्हणतो, वेष्टनावर जे छापले होते ते आम्ही विकले. टेक्सासमध्ये खिशातील सेलचा स्फोट होऊन भाजलेल्या एका ग्राहकाने एका कोरियन उत्पादकावर दावा लावला, तेव्हा आपण त्या राज्यात केवळ कारखानदारांना माल विकतो, सबब येथील न्यायालयाला अधिकारच नाही, असा बचाव कंपनीने घेतला. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो फेटाळला. दाव्याचा गुणावगुणांवर निकाल ही पुढची बाब. पण जबाबदारी कोणाच्या दारात न्यावी एवढेच ठरण्यासाठी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हे या बाजाराचे यथार्थ चित्र आहे.

खिशातून कचऱ्याच्या गाडीत

यावर एक उपाय सुचतो. ग्राहकाच्या हाती सेल द्यावाच कशाला? तो उपकरणातच कायमचा बसवून टाकावा. बाजाराने हा उपाय मोठ्या प्रमाणावर अवलंबिला. एकदाच वापरून फेकायच्या व्हेपमध्ये निवडीची चूक नाही, खिशातल्या किल्ल्यांचा प्रश्न नाही, चार्जिंगचीही कटकट नाही. परंतु धोका नाहीसा झाला नाही. त्याने केवळ आपला पत्ता बदलला. ब्रिटनमध्ये २०२३ च्या सुमारास दर आठवड्याला जवळजवळ ५० लाख एकेरी वापराचे व्हेप फेकले जात असल्याचा अंदाज होता. कचरागाडीच्या दाबयंत्रात सेल चिरडला की तो पेटतो. मे २०२४ पर्यंतच्या एका वर्षात बॅटऱ्यांमुळे तेथील कचरागाड्यांत व कचरास्थळांवर १,२०० हून अधिक आगी लागल्याची नोंद आहे. त्या साऱ्या व्हेपमुळे लागल्या असे नव्हे, पण त्यांतील एक कारण तेही होते. या आगींची किंमत व्हेपच्या विक्रीमूल्यात कोठेच धरलेली नव्हती. ती कचरा वेचणाऱ्याने व अग्निशामक जवानाने चुकविली. अखेर १ जून २०२५ पासून ब्रिटनने एकेरी वापराच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली. पुन्हा चार्ज होणारी उपकरणे आता तेथे कायदेशीर आहेत. म्हणजे योग्य चार्जर आणि योग्य हाताळणी यांचा जुना प्रश्न पुन्हा ग्राहकाच्या दारी आला आहे.

बंदी आणि मानक

भारताने निराळा मार्ग पत्करला. सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर संपूर्ण बंदी आली. पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद अथवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे. तरुण पिढीला निकोटीनपासून वाचविण्याचा हा हेतू सर्वथा योग्यच म्हणावा लागेल. तथापि बंदीचा एक दुष्परिणाम दृष्टीआड करता येत नाही. जी वस्तू कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नाही, तिला मानक नसते, तिची तपासणी होत नाही, सदोष माल परत मागविण्याची सोय नसते, आणि भाजलेला ग्राहक दाद मागण्यास कचरतो. चोरट्या मार्गाने येणारा माल येतच राहिला तर तो येताना सर्वांत निकृष्ट बॅटरी घेऊन येतो.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. २०२२ मध्ये देशात विद्युत दुचाकींना आगी लागल्या. मार्च महिन्यात पुण्यातही अशी एक दुचाकी भर रस्त्यात पेटली. ती वस्तू वैध असल्यामुळे तज्ज्ञ समिती नेमली गेली, आणि बॅटरीविषयीचे वाहन-मानक त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून दोन टप्प्यांत कडक करण्यात आले. एका सेलचा भडका दुसऱ्या सेलपर्यंत पोहोचू नये याचाही विचार त्यात झाला. अपघातातून शासन शिकू शकते ते असे. पण त्यासाठी अपघात आधी नोंदला जावा लागतो.

याचा अर्थ बंदी उठवावी असा नव्हे. बंदी असलेल्या उपकरणातील सेल हा काही बंदी असलेला सेल नव्हे. तोच नळीसारखा सेल पॉवर बँकेत, टॉर्चमध्ये आणि दुरुस्तीच्या दुकानांत वैधपणे फिरत असतो. लिथियम सेलसाठी भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी आहेच. तिची अंमलबजावणी सुट्या सेलच्या किरकोळ विक्रीपर्यंत पोहोचली पाहिजे, वेष्टनावरील खोटा आकडा ही फसवणूक समजून कारवाई झाली पाहिजे, आणि भाजलेल्या रुग्णाच्या नोंदीत बॅटरी हे कारण स्वतंत्रपणे नोंदले गेले पाहिजे. सेल डबीत ठेवा, फाटके वेष्टन वापरू नका, हे ग्राहकाला जरूर सांगावे. तो सल्ला मोलाचा आहे. परंतु सल्ला पाळूनही छापलेल्या खोट्या आकड्यापासून ग्राहक स्वतःचे रक्षण करू शकत नाही. ते काम कायद्याचे आहे, आणि ते त्याने ग्राहकाच्या विवेकावर ढकलून चालणार नाही.